मैदानाकडे पाठ

रविवारी सकाळी मोतीलालच्या दुकानी माव्याची जिलबी तळायला पडली की आम्ही बऱ्हाणपूरचे फुटबॉलवाले एकेक करून जमतो. टुर्नामेंट जवळ आली की तिथे एकच विषय: ज्याने त्याने आपण पाहिलेली पहिली मॅच सांगायची. त्यात खरं किती आणि पदरचं किती हे विचारायचं नाही, असा अलिखित करार आहे. मोतीलाल दरवर्षी सांगतो की जागा मिळाली नाही म्हणून तो कडुनिंबावर चढला, मुंगळे चावले, तरी गोल होईपर्यंत खाली उतरला नाही. अठरा वर्षांत ते झाड बरंच उंच झालं आहे आणि मुंगळेही वाढले आहेत. गोलच्या पुढे मात्र तो कधी जात नाही.

मग कोणीतरी नवखा कडूकडे वळतो. कडू दुकानाच्या खालच्या पायरीवर बसलेला असतो.

‘आन् तुमची पह्यली मॅच कोनती, कडूदादा?’

‘मी नाही पाह्यली भो,’ कडू म्हणतो. ‘मी उचलून नेली.’

नवे लोक हसतात. जुने खाली मान घालून जिलबी खातात, कारण त्या दिवशी तेही कडूच्या मागे नाचत गेले होते. मी त्यांच्यात नव्हतो. मी शाळेत गणित शिकवणारा, फुटबॉल कमिटीचा चिटणीस, यादव मास्तर. मी नाचलो नाही, याचा मला पुष्कळ वर्षं अभिमान होता. आज १९४७ सालच्या फेब्रुवारीत हे लिहायला बसलो आहे, तेव्हा तो पार उतरला आहे.

कडू मूळचा निंबोल्याचा. थोरल्यानंतर त्याच्या आईची, मनकर्णाबाईची, दोन लेकरं पाठोपाठ गेली, म्हणून याचं नाव कडू ठेवलं. काळाने तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं. नाव कडू, पण माणूस गुळाचा. घरची जमीन थोरल्या भावाकडे राहिली आणि हा सोळाव्या वर्षी सरकी काढायच्या जिनात हमाली करायला बऱ्हाणपुरास आला. दोघांनी उचलायची कापसाची गठाण तो एकटा पाठीवर घ्यायचा. संध्याकाळी आखाडा. कुस्तीत फार नाव काढलं असं नाही. पण एका गोष्टीत त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

आमच्याकडे खेळ म्हणजे कुस्ती. तिचा कायदा शेंबड्या पोरालाही पाठ: पाठ टेकली की खेळ खलास. मग पंच हात वर करेपर्यंत कोण थांबतो? लोक हौदात उड्या टाकतात, जिंकलेल्या गड्याला खांद्यावर घेतात आणि हलगी वाजवत मारुतीच्या देवळाला नेतात. पहिला खांदा कोणाचा लागला, याची चर्चा वर्षभर पुरते. तो पहिला खांदा बहुतेक कडूचा असायचा. एकदा तर स्वतः चितपट झाल्यावर उठून त्याने ज्याच्याकडून हरला त्यालाच उचललं होतं. असा हा माणूस.

तो राहायचा भागाबाईच्या घरात, मागच्या खोलीत भाड्याने. भागाबाई विधवा. तिचा एकुलता एक मुलगा वामन गिरणीच्या माग खात्यात होता. अंगाने काडी, छातीत रुईची धूळ भरून कायम खोकणारा. पण उजवा पाय देवाने सवडीने घडवलेला. गिरणीत फुटबॉलची टीम निघाली तेव्हा सहा महिन्यांत वामन तिचा नंबर एकचा गडी झाला. भागाबाईला हे थेर वाटायचे. ‘मेलेल्या ढोराच्या कातड्याले लाता मारतो, तेनं का पोट भरते?’ असं ती गल्लीभर विचारायची.

पोट भरण्याचीच वेळ आली होती. १९२९ सालच्या फेब्रुवारीत भुसावळच्या रेल्वेवाल्यांची टीम आमच्याकडे खेळायला येणार, असं ठरलं. त्यांच्याबरोबर त्यांचा गोरा साहेबही येणार होता. त्याने आधीच कळवलं की बऱ्हाणपूरच्या टीममधला एक चांगला गडी मी माझ्या टीमसाठी घेईन. त्याला लोको शेडमध्ये इंजिनावर नोकरी, राहायला क्वार्टर. तो गडी वामनच असणार, यात कोणाला शंका नव्हती. वामनलाही नव्हती. गिरणीच्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की मागावर राहिलास तर छाती टिकणार नाही. म्हणजे ही मॅच त्याच्यासाठी नुसती मॅच नव्हती.

बऱ्हाणपुरात तोवर बाहेरची टीम आलीच नव्हती. स्टेशनकडच्या मैदानावर बांबूचे खांब रोवले, आडव्या दांडीच्या जागी दोरी बांधली, जमिनीवर फक्की टाकून रेघा मारल्या. तीन-चार हजार माणूस लोटलं. मी खंडव्याला शिकत असताना दोन-चार मॅचेस पाहिल्या होत्या. बाकीच्यांची ही पहिलीच. कडू हलगीवाल्यांना घेऊन आला होता आणि धोतराच्या ओच्यात गुलालही आणला होता.

पहिला अर्धा वेळ कोणाचाच गोल झाला नाही. लोक जांभया देऊ लागले. दुसऱ्या अर्ध्यात पाच मिनिटं झाली असतील, वामनने मधूनच चेंडू घेतला, दोघांना चकवलं आणि असा हाणला की दोरी थरथरत राहिली. गोल! मग कडूची आरोळी ऐकू आली, ‘चितपट!’ आणि तो रेघ ओलांडून धावत सुटला.

एक धावला की सगळं गाव धावतं. वामनला काही कळायच्या आत कडूने त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला गेला, हलगी कडाडली आणि ती सारी गर्दी मैदानाबाहेर, मारुतीच्या वाटेला लागली. मी ओरडलो, ‘अरे थांबा, खेळ बाकी आहे!’ त्या गलक्यात माझं कोण ऐकतो? पंचाने पाच मिनिटं वाट पाहिली आणि शिट्टी वाजवली. आमची दहा माणसं ओक्याबोक्या मैदानावर खेळली. भुसावळवाल्यांनी दोन गोल केले आणि मॅच संपली. वामन परतला नव्हता.

साहेब रागावला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तो पाइप झटकत आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘जो आदमी सीटी से पहले मैदान छोडता, वो इंजिन भी छोडेगा.’ आणि गाडीच्या वेळेला निघून गेला.

तसाच तणतणत मी गावात आलो. भागाबाईच्या दारात सगळा मेळा उभा होता. तिने मुलाला ओवाळलं होतं. कडू घामाने आणि गुलालाने लालभडक झालेला, तोंडभर हसत होता. मी चारचौघांत त्याच्यावर तुटून पडलो. शाळेत पोरांवर तुटून पडतो तसाच. म्हटलं, ‘गाढवा, कुस्ती होती का ती? खेळ संपला नव्हता! अजून अर्धा तास होता! तू वामनला नाही उचललंस, त्याची नोकरी उचलून तापीत फेकलीस!’

हलगी बंद पडली. कडूने वामनकडे पाहिलं. वामनने मान खाली घातली आणि तो घरात गेला. ‘मले मालूमच नव्हतं मास्तर,’ कडू एवढंच म्हणाला. लोक एकेक करून पांगले. मोतीलालही पांगला. गुन्हा चार हजारांनी केला होता, पण बोट एकाच्याच छातीवर ठेवलेलं होतं, आणि ते माझं होतं.

कडूचा आखाडा त्या दिवसापासून सुटला. पुढच्या साली पुन्हा टुर्नामेंट ठरली तेव्हा तो माझ्याकडे आला. हातात काठी होती. ‘मास्तर, मी रेघेवर उभा राह्यतो. एक बी मानूस आत जाणार नाही.’ मला असा माणूस हवाच होता. मॅच सुरू झाली आणि पाहतो तो कडू मैदानाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभा.

‘अरे, अधूनमधून मागे बघत जा,’ मी म्हणालो.

‘पळनाऱ्याचा पाय आदी हालते, तो पाहा लागते,’ तो म्हणाला. मग हळूच, ‘आन् मले पाह्याचा हक बी नाही.’

तेव्हापासून कडू प्रत्येक मॅचला आला आणि एकही मॅच त्याने पाहिली नाही. त्याला सगळं लोकांच्या तोंडावरून कळायचं. मोतीलालचा जबडा उघडा राहिला की आपला गोलकीपर पडला. पुढच्या रांगेतल्यांनी माना उजवीकडे केल्या की कॉर्नर. मॅच झाल्यावर तो ती इतकी बरोबर सांगायचा की मी चाट पडायचो. फक्त चेंडू जाळ्यात शिरताना कसा दिसतो हे तेवढं तो दुसऱ्यांना विचारायचा, आणि पुन्हा पुन्हा विचारायचा.

वामन मागावरच राहिला. खोकला वाढत गेला. फुटबॉल दोन वर्षांत सुटला. लग्न झालं, बायको शारदा, एक मुलगी कमल. कडू त्या घरचा बिनपगारी गडी झाला. निंबोल्याहून भावाच्या बागेतला केळीचा घड आला की आधी वामनकडे. पावसाळ्याआधी कौलं चाळायला कडू. भागाबाईच्या दुखण्यात तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात कडू. वामन त्याच्याशी चांगला वागायचा. त्या दिवसाबद्दल मात्र अवाक्षर काढत नसे. आम्हाला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस आहे, गिळून बसला आहे.

१९४४ च्या जानेवारीत वामनने काम सोडलं आणि तो बायको-मुलीला घेऊन शारदाच्या माहेरी जळगावला राहायला निघाला. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. कडू सामान डब्यात लावत होता. वामनने मला बाजूला घेतलं.

‘मास्तर, एक बोलायचं राह्यलं. त्या दिवशी मी कडूच्या खांद्यावर होतो ना, सगळ्यांत उंच मीच होतो. मैदान मले वरून दिसत होतं. शिट्टी ऐकू आली, आपले दहा गडी खेळाले लागलेले दिसले. मले सगळं दिसत होतं.’

‘मग उतरला का नाहीस?’

तो खोकला. ‘मले जन्मात कोणी उचललं नव्हतं, मास्तर. बाप लहानपणीच गेला. म्हटलं, मारुतीपर्यंत जाऊ, मग पळत येऊ. मारुतीपाशी वाटलं, माय दारात उभी असेल, तिले एकदा दिसू दे. मी नुसतं कडूच्या डोक्यावर टपली मारली असती ना, तरी त्यानं उतरवलं असतं. आन् मग तुम्ही आलात, आन् सगळं त्याच्या माथी मारलंत. मी गप्प राह्यलो. पुढे ते गप्प राहणं सवयीचं झालं. आमचं घर त्याच्यावरच चालत होतं, हेही खरं.’ त्याने माझा हात धरला. ‘मले तोंड नाही. तुम्ही सांगा त्याले.’

गाडी गेली. कडू फलाटावर हात हलवत राहिला. मी त्याच वेळी, तिथेच सांगायला हवं होतं. पण टुर्नामेंट पंधरा दिवसांवर होती. मनात आलं, हे कळलं तर हा रेघेवर कशाला उभा राहील? निवांत खुर्ची टाकून मॅच पाहील. आणि त्याच्यासारखा दुसरा माणूस कुठून आणायचा? म्हटलं, एवढी टुर्नामेंट होऊ दे. ती झाली, मग पुढची आली. मग परीक्षा, मग घरातलं आजारपण. कारणांना काय तोटा? दर रविवारी तो पायरीवर बसून ‘मी उचलून नेली’ म्हणायचा आणि मी जिलबी खायचो. या तीन वर्षांची मला लाज वाटते. ती इथे लिहून कमी होत नाही, हेही मला ठाऊक आहे.

कडूच्या वागण्यात काही बदल मला दिसत होते. रेघेवर उभं राहण्याआधी तो अनवाणी पायाने फक्की चाचपून पाहायचा. लोकांच्या फार जवळ, अगदी नाकाशी नाक येईल असा उभा राहायचा. मला वाटायचं, काय ही निष्ठा! मी चार लोकांत त्याचं कौतुकही केलं होतं.

या जानेवारीत कमलचं पत्र आलं. वामन गेला होता. खाली एक ओळ होती: ‘बाबा शेवटी शेवटी विचारत होते, मास्तरांनी कडूकाकांना सांगितलं का म्हणून.’

पत्र घेऊन मी कडूच्या खोलीवर गेलो. वामन गेल्याचं ऐकून तो भिंतीला टेकून बराच वेळ रडला. मग मी बाकीचं सांगितलं. स्टेशन, खांदा, शिट्टी, सगळं. तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. मला वाटलं, आता चिडेल. चिडावं, असं मला वाटत होतं.

‘मंग त्याले वर बसून मजा आली व्हती?’ त्याने विचारलं.

‘हो.’

‘बरं झालं,’ तो म्हणाला. डोळे पुसत तो थोडं हसलाही. ‘मले वाटे, त्याले तं तेबी नाही भेटलं.’ मग त्याने विचारलं, ‘तुमाले हे कदी सांगतलं त्यानं?’

‘तीन वर्षं झाली.’

कडू म्हणाला, ‘तुमी तं शिकेल मानूस हाय, मास्तर.’ एवढंच. मी उठलो तेव्हा त्याने मागून विचारलं, ‘मंग या साली मी बसू का? पाह्याले?’

या महिन्यातली पहिली मॅच खंडव्याच्या टीमशी होती. रेघेवर दोन तरुण उभे केले. माझ्या शेजारी कडूसाठी खुर्ची ठेवली. तो धुतलेलं धोतर नेसून, नवा पटका बांधून आला आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मैदानाकडे तोंड करून बसला. मोतीलालने येऊन त्याच्या हातात जिलबीचा पुडा दिला, तो त्याने मांडीवर तसाच धरून ठेवला. शिट्टी वाजली. लोक ओरडले की कडूही ओरडायचा, पण थोडा उशिरा. मी खेळात गुंतलो होतो. अर्धा वेळ होत आला तेव्हा त्याने विचारलं, ‘मास्तर, आपले गडी कोन्या बाजूले हाय?’

मी हात करून दाखवलं. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला. हाताच्या पलीकडे त्याची नजर गेलीच नाही.

‘कडू?’

‘मले काई दिसत नाही वो,’ तो म्हणाला. ‘रेघेवर लोकायचे तोंडं हातभर लांब राहे, ते दिसे. हे तं सारं दूध सांडल्यावानी हाय.’

‘कधीपासून?’

‘दोन पावसाळे झाले. पह्यले चांगलं दिसे.’

दोन पावसाळे. तीन वर्षांपूर्वी मी स्टेशनवरून सरळ त्याच्याशी बोललो असतो, तर त्याने हे मैदान पाहिलं असतं. गोल पाहिला असता. मी गणिताचा मास्तर, मला वजाबाकी करायला वेळ लागला नाही. मी त्याचा हात धरला आणि गिरणीच्या डॉक्टरकडे नेतो, नागपूरला नेतो, असं काहीबाही बोललो. त्याने हात हळूच सोडवून घेतला. ‘मॅच चालू हाय ना? मंग सांगा. काय चाललं ते सांगा.’

उरलेली मॅच मी त्याला सांगितली. कोणाकडे चेंडू आहे, कोण पडला, कोण धावतो आहे. घसा बसला तरी सांगत राहिलो. आपला एक गोल झाला, लोक उभे राहिले, आणि कडूने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. तो उठला नाही. खंडव्याने एक फेडला. मग शेवटी आपला दुसरा झाला. शिट्टी वाजली, धूळ उडाली, लोक हसत-बोलत घराकडे वळले. हळूहळू मैदान रिकामं झालं. कडू बसूनच होता.

‘संपली?’ त्याने विचारलं.

‘संपली, कडू.’

तो हलला नाही. मांडीवरचा पुडा नीट केला.

‘तुमी नका सांगू, मास्तर,’ तो म्हणाला. ‘पंचाले इचारून या.’

पंच पलीकडच्या खांबापाशी शर्ट बदलत होता. मी उठलो, सगळं मैदान ओलांडून त्याच्याकडे गेलो आणि विचारलं.